आत्ययिक अवस्थेतील सेप्सिस : रक्तातील निर्देशक आणि वैद्याचा निर्णय

ज्वर हा कायचिकित्सेतील प्रधान व्याधी होय. चरकसंहितेत निदानस्थानाचा आरंभ ज्वराने होतो, आणि चिकित्सास्थानात रसायन व वाजीकरण हे विषय आटोपल्यावर पहिला व्याधी म्हणून ज्वरच येतो. असे असले तरी तासगावसारख्या तालुक्याच्या गावी आज ज्वराचा रुग्ण चिकित्सालयात पाऊल ठेवतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातात प्रयोगशाळेचा कागद आधीच असतो. नाडी पाहण्यापूर्वी नातेवाईक विचारतात, "सीआरपी किती आहे ते बघा." मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला कोरोनाचे रुग्ण आढळले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत सीआरपी, डी-डायमर, आयएल-६ हे शब्द आपल्या जिल्ह्यातील घराघरांत पोहोचले. शब्द पोहोचले, त्यांचा अर्थ मात्र सर्वत्र पोहोचला असे नाही. औषधविक्रेत्यांच्या फळीवरही आज हाच कागद दाखवून औषध मागितले जाते. यास्तव रक्तातील हे निर्देशक सेप्सिसच्या बाबतीत नेमके काय सांगतात, केव्हा सांगतात आणि केव्हा गप्प राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यातही एका प्रश्नावर भर आहे : रुग्ण सांगली-मिरजेस पाठवावा की नाही, हा निर्णय अहवालाच्या हाती सोपवता येईल काय?

व्याधीचे स्वरूप

ग्रामीण बोलीत 'सेप्टिक झालं' हा प्रयोग कोणत्याही पिकलेल्या जखमेस लावतात. त्यामुळे सेप्सिस या संज्ञेची धार बोथट झाली आहे. शास्त्रीय अर्थ वेगळा आहे. १९९२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येत संसर्गाबरोबर दाहाची चारांपैकी दोन लक्षणे असली की सेप्सिस मानला जाई. ती चार लक्षणे म्हणजे तापमान ३८ अंश सेल्सिअसहून अधिक किंवा ३६ अंशांहून कमी, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वसन २० च्या वर, आणि पांढऱ्या पेशी १२,००० हून अधिक किंवा ४,००० हून कमी. या मापाने साध्या पडशाचा तापही सेप्सिस ठरे. २०१६ साली व्याख्या बदलली. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेबंद होऊन त्यामुळे अवयवांचे कार्य प्राणघातक प्रमाणात बिघडणे, म्हणजे सेप्सिस. येथे जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिसादाला, आणि दाहापेक्षा अवयवांच्या हानीला महत्त्व आले.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. सन्निपात ज्वर, त्याचे उपद्रव, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ज्वराध्यायात आलेले अभिन्यास आणि हतौजस, उत्तरकालीन ग्रंथांतील शीतांग सन्निपात ही वर्णने वाचताना आधुनिक अतिदक्षता विभागातील रुग्ण डोळ्यांसमोर उभे राहतात. तरीही सन्निपात म्हणजेच सेप्सिस असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. सन्निपातात सेप्सिसखेरीज अन्य अनेक अवस्था येतात, आणि सेप्सिसचे काही रुग्ण आरंभी सन्निपाताचे पूर्ण चित्र दाखवत नाहीत. साम्य आहे ते साध्यासाध्यत्वाच्या विचारात. ज्वर किती अंश आहे यापेक्षा संज्ञा, श्वास, त्वचेचा स्पर्श, मूत्रप्रवृत्ती आणि ओज यांची अवस्था काय आहे, यावर रुग्णाचे भवितव्य ठरते, हे दोन्ही शास्त्रांना मान्य आहे.

व्याधीचा विस्तार लहान नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. जगातील त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याच २०१७ साली जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिसविषयी स्वतंत्र ठराव केला.

स्वस्त चाचण्यांचे मोल

सेप्सिसचा संशय येताच सर्वांचे लक्ष सीआरपी वा प्रोकॅल्सिटोनिनकडे वळते. परंतु २०१६ च्या व्याख्येचा आधार असलेली 'सोफा' गुणपद्धती पाहिली तर तीत हे दोन्ही निर्देशक नाहीत. तीत सहा गोष्टी आहेत : रक्तातील प्राणवायू, प्लेटलेट, बिलिरुबिन, रक्तदाब, शुद्ध आणि वृक्कांचे कार्य, म्हणजे क्रिएटिनिन किंवा मूत्राचे प्रमाण. संसर्गाच्या रुग्णात या गुणांत दोन वा अधिकने वाढ झाली तर रुग्णालयातील मृत्यूचा धोका सुमारे १० टक्के मानला जातो. याचा अर्थ असा की प्लेटलेट, बिलिरुबिन व क्रिएटिनिन या तीन चाचण्या, ज्या तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होतात, त्याच सेप्सिसच्या मोजमापाचा गाभा आहेत. सीआरपी वाढल्याने शरीरात दाह आहे एवढे कळते. त्या दाहाने वृक्क, यकृत व रक्त यांना ग्रासले आहे की नाही, हे या तीन साध्या आकड्यांतून कळते. आपल्या परिभाषेत स्मरणापुरते म्हणायचे तर पहिला आकडा प्रकोपाचा, नंतरचे उपद्रवांचे.

यातील प्लेटलेटविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दोन महिन्यांत 'पेशी कमी झाल्या' या शब्दांचा अर्थ आपल्याकडे एकच घेतला जातो : डेंगी. मग पपईच्या पानांचा रस, त्याच्या अर्काच्या गोळ्या, किवी, ड्रॅगन फ्रूट आणि रोज पेशींची मोजणी असा क्रम सुरू होतो. डेंगीत प्लेटलेट घटतात हे खरेच. पण त्या सेप्सिसमध्येही घटतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये घटतात, स्क्रब टायफसमध्ये आणि हिवतापातही घटतात. कृष्णाकाठच्या पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुराच्या पाण्यातून व चिखलातून हिंडलेल्या माणसाला ताप, पिंडऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली आणि घटलेल्या प्लेटलेट असतील, तर पपईचा अर्क हाती देऊन दोन दिवसांनी बोलावणे धोक्याचे आहे. अशा रुग्णाचे क्रिएटिनिन व बिलिरुबिन त्याच दिवशी पाहावे. दोन्ही वाढलेले दिसले, तर ज्वराने अवयव गाठले आहेत आणि स्थानिक उपचारांची मर्यादा संपली आहे, असे समजावे.

पांढऱ्या पेशींच्या संख्येवर फार भरवसा ठेवू नये. आंत्रिक ज्वरात त्या सामान्य वा कमी असतात. वृद्ध आणि कुपोषित रुग्णांत गंभीर संसर्ग असूनही त्या वाढत नाहीत. उलट स्टिरॉइड घेतलेल्या माणसात संसर्गाविनाही वाढतात. सांधेदुखी वा दम्यासाठी कुठून तरी आणलेल्या 'पुडी'त काय होते हे रुग्णाला ठाऊक नसते, आणि अशा वेळी अहवालातील १५,००० या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते. स्टिरॉइडमुळे ताप दबतो, सीआरपीही दबू शकते, आणि व्याधी मात्र आत वाढत राहतो.

सीआरपी

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे नाव १९३० सालच्या शोधातून आले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात एक पदार्थ आढळला. तो न्युमोकॉकस जंतूच्या 'सी' नामक शर्करांशाबरोबर साका तयार करी. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि त्यास चालना प्रामुख्याने आयएल-६ देते. संसर्गाच्या आरंभानंतर ते वाढू लागण्यास सुमारे ६ तास लागतात, दर ८ तासांनी ते साधारण दुप्पट होते आणि ३६ ते ५० तासांत शिखर गाठते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे आहे.

हे वेळापत्रक प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावे. सायंकाळी थंडी वाजून ताप आला, रात्री रक्त दिले, सीआरपी ८ आली, सर्वांनी सुटकेचा श्वास घेतला. हा श्वास अवेळी असतो. त्या घटकेला यकृताने अजून काम सुरूच केलेले नसते. त्याच रुग्णाची दुसऱ्या दिवशी सायंकाळची सीआरपी १८० येऊ शकते. पहिल्या काही तासांतील सामान्य सीआरपीवरून 'संसर्ग नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. यकृताचा जुना विकार असलेल्या रुग्णात तर ती पुढेही अपेक्षेइतकी वाढत नाही.

वाढलेल्या सीआरपीचा अर्थही एकच नसतो. आमवात, अग्न्याशयाचा दाह, अस्थिभंग, शस्त्रक्रिया, कोरोनासारखे विषाणुजन्य विकार या सर्वांत ती वाढते. म्हणून सीआरपीचा खरा उपयोग पुनःपुन्हा पाहण्यात आहे. उपचार सुरू झाल्यावर ४८ तासांनी ती उतरणीला लागली की उपचाराची दिशा योग्य असल्याचा तो एक पुरावा होतो. ती चढतीच राहिली तर कुठेतरी पू साठला आहे काय, औषध जंतूला लागू नाही काय, हे शोधावे.

एक सूचना एककांविषयी. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर या एककात देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात. दोहोंत दहापटीचा फरक आहे. ४.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर. दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून 'सीआरपी ४८ वरून ४.८ झाली, गुण आला' असे म्हणण्यापूर्वी एकक वाचावे. तसेच हृदयविकाराचा धोका पाहण्यासाठी केली जाणारी अतिसंवेदनशील सीआरपी हा निराळा प्रकार आहे. तापाच्या रुग्णात तिचे प्रयोजन नाही.

प्रोकॅल्सिटोनिन

कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे हे पूर्वरूप ११६ अमिनो आम्लांचे असते. निरोगी माणसात ते थायरॉइडपुरते मर्यादित राहते. जंतुसंसर्गात मात्र शरीरातील अनेक पेशी ते रक्तात सोडू लागतात. १९९३ साली फ्रान्समधील संशोधकांनी ही गोष्ट 'लॅन्सेट'मध्ये मांडली. सीआरपीपेक्षा ते लवकर वाढते, ३-४ तासांतच, आणि साधारण एका दिवसात शिखरास जाते. केवळ विषाणूंच्या संसर्गात ते फारसे वाढत नाही. म्हणून जंतू की विषाणू, या नेहमीच्या कोड्यास त्यातून उत्तर मिळेल अशी मोठी आशा होती.

आशा अंशतःच फळली. २०१३ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले. त्यात सेप्सिस ओळखण्याची प्रोकॅल्सिटोनिनची संवेदनक्षमता ७७ टक्के आणि विशिष्टता ७९ टक्के भरली. सोप्या शब्दांत, सेप्सिसच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तेवीस जण या चाळणीतून निसटतात. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, अपघात, वृक्कनिकामीपणा आणि फाल्सिपेरम हिवताप यांत ते सेप्सिसविनाही वाढते. आपल्या देशात शेवटचे कारण विसरून चालणार नाही.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय सेप्सिस मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने एक मर्मज्ञ भेद केला आहे. प्रतिजैविके सुरू करावीत की नाही, हे ठरवण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनवर विसंबू नये असे तीत सुचवले आहे. ती केव्हा थांबवावीत, हे ठरवण्यास मात्र रुग्णाच्या तपासणीबरोबर त्याचा आधार घेता येईल. २०२४ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या अडॅप्ट-सेप्सिस चाचणीने याला बळ दिले. ४१ अतिदक्षता विभागांतील २,७६० रुग्णांच्या या चाचणीत रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे उपचार झालेल्या गटात प्रतिजैविकांचा काळ १०.७ दिवसांवरून ९.८ दिवसांवर आला आणि मृत्यूंत वाढ झाली नाही. सीआरपीच्या आधाराने मात्र हा काळ कमी झाला नाही. लाभ एका दिवसाचा, तोही अतिदक्षता विभागात. तालुक्याच्या चिकित्सालयात, जेथे नमुना बहुधा बाहेरगावी जातो आणि अहवाल दुसऱ्या दिवशी येतो, तेथे ही महागडी चाचणी लिहिण्याचे प्रयोजन फार थोड्या रुग्णांत उरते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आयएल-६, प्रेसेप्सिन, मोनोसाइट पेशींच्या आकारातील विषमता असे आणखी अनेक निर्देशक पुढे आले आहेत. यातील शेवटचा निर्देशक साध्या रक्तगणनेबरोबरच विशिष्ट यंत्रावर मिळतो, हा त्याचा विशेष. पण हे सर्व अद्याप मोठ्या रुग्णालयांचे विषय आहेत.

लॅक्टेट आणि नखाची परीक्षा

आत्ययिक अवस्थेत खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारा निर्देशक म्हणजे लॅक्टेट. धातूंना पुरेसा रक्तपुरवठा व प्राणवायू न मिळाल्यास, तसेच तीव्र ताणाच्या अवस्थेत, रक्तातील लॅक्टेट वाढते. ते २ मिलिमोल प्रति लिटरपर्यंत सामान्य मानतात. द्रव पुरेसा देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांचा आधार लागणे आणि लॅक्टेट २ च्या वर असणे, या दोन गोष्टी मिळून सेप्टिक शॉकची व्याख्या होते. ४ च्या वरचे लॅक्टेट रक्तदाब अजून बरा दिसत असतानाही धोक्याची सूचना देते. हेच त्याचे वैशिष्ट्य : रक्तदाब कोसळण्याआधी ते बोलते.

पण त्याचा नमुना नाजूक असतो. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, रुग्णाने मूठ वारंवार आवळली वा नमुना तासभर तसाच राहिला तर आकडा खोटा वाढतो. फ्लोराइडची करड्या टोपणाची नळी, बर्फ आणि त्वरित तपासणी हे पथ्य पाळावे लागते. यकृतविकार, दम्याच्या औषधांचे मोठे प्रमाण, आकडी येऊन गेलेली असणे आणि वृक्क बिघडलेल्या रुग्णातील मेटफॉर्मिन यांमुळेही ते वाढते.

जेथे लॅक्टेट होत नाही तेथे वैद्याने हताश व्हावे काय? येथे २०१९ सालच्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांतील २८ रुग्णालयांत सेप्टिक शॉकचे ४२४ रुग्ण घेण्यात आले. एका गटाचा द्रवोपचार लॅक्टेट पाहून, तर दुसऱ्याचा बोटाचे टोक दाबून रक्त परत भरण्यास लागणारा वेळ पाहून ठरवण्यात आला. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण लॅक्टेट गटात ४३.४ टक्के आणि बोट दाबून पाहिलेल्या गटात ३४.९ टक्के होते. हा फरक सांख्यिकीच्या काटेकोर कसोटीस थोडक्यात उतरला नाही, म्हणून बोटाची परीक्षा श्रेष्ठ ठरली असे म्हणता येत नाही. पण ती कनिष्ठही ठरली नाही. या परीक्षेस सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी आणि सेकंद-काटा पुरतो. तर्जनीच्या टोकावर काचपट्टी त्वचा पांढरी होईपर्यंत दाबावी, १० सेकंद दाब कायम ठेवावा, सोडावा. मूळ रंग परतण्यास ३ सेकंदांहून अधिक वेळ लागला तर परिसरीय रक्तसंचार मंदावला आहे. नखांकडे व त्वचेच्या स्पर्शाकडे पाहण्याची सवय असलेल्या वैद्याला ही परीक्षा अंगवळणी पडण्यास एक दिवसही पुरे.

अहवालाविना निर्णय : गडचिरोलीचा दाखला

प्रयोगशाळेवाचून सेप्सिस ओळखता येतो काय, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर महाराष्ट्राच्याच मातीतून आले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात अर्भकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. गावातील आरोग्यदूत स्त्रिया अर्भकाची तपासणी करीत, आणि सेप्सिसचा संशय आल्यास व कुटुंबाने रुग्णालयात नेण्यास नकार दिल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने को-ट्रायमोक्साझोल देत. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. सेप्सिस झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या स्त्रियांपाशी ना सीआरपी होती, ना रक्तगणना. त्यांच्यापाशी होती ती काही लक्षणे. या कामाच्या पुढील विश्लेषणात, जे २००५ साली प्रसिद्ध झाले, सात लक्षणे निश्चित झाली : दूध ओढणे मंदावणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे वा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी वा पोट फुगणे, बाळ हाताला गार लागते असे आईने सांगणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, आणि नाळेच्या जागी संसर्ग. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की बाळ धोक्यात आहे असे समजावयाचे. सेप्सिसने दगावणारी अर्भके ओळखण्यात या कसोटीची संवेदनक्षमता १०० टक्के आणि विशिष्टता ९२ टक्के आढळली. प्रोकॅल्सिटोनिनचे ७७ व ७९ हे आकडे वर दिले आहेत. ते रुग्णालयांतील आणि निराळ्या प्रश्नाचे असल्याने थेट तुलना योग्य नाही. तरीही हातात घड्याळ घेऊन केलेल्या निरीक्षणाचे बळ किती, याचा अंदाज येतो.

प्रौढांसाठी २०१६ साली तीन लक्षणांची कसोटी सुचवण्यात आली : श्वसन मिनिटाला २२ वा अधिक, वरचा रक्तदाब १०० वा त्याहून कमी, आणि संज्ञेत बदल. दोन असली तर धोका मोठा. पुढे असे दिसले की ही कसोटी आरंभीच्या अनेक रुग्णांना चुकवते. म्हणून २०२१ च्या मार्गदर्शिकेने केवळ तिच्यावर विसंबू नये असे सांगितले. लंडनच्या रॉयल कॉलेजची २०१७ ची सुधारित गुणपद्धती तीत नाडी, तापमान व ऑक्सिमीटरवरील प्राणवायूचे प्रमाण मिळवते आणि म्हणून अधिक व्यापक आहे. यासाठी लागणारी सर्व साधने आज प्रत्येक चिकित्सालयात आहेत. उणीव असते ती श्वसन पूर्ण एक मिनिट मोजण्याची. नाडीवर हात ठेवून, रुग्णाच्या नकळत, श्वास मोजावा. अंदाजाने '१८' लिहू नये.

शीतांग अवस्थेविषयी विशेष सावध असावे. वृद्ध, मधुमेही व अशक्त रुग्णात ताप न येता अंग गार पडते. तापमान ९६.८ अंश फॅरनहाइटच्या खाली जाते, माणूस असंबद्ध बोलतो वा नुसता पडून राहतो, आणि घरचे म्हणतात, "ताप उतरला, आता झोप लागलीय." ही झोप तपासावी. अशा प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा ग्लुकोमीटरवर तत्काळ पाहावी. साखर कमी झाल्यानेही हेच चित्र दिसते आणि त्याचा उपाय हाताशी असतो.

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या उपेक्षेने होणाऱ्या सात पिडका सांगितल्या आहेत. द्राक्षबागेत छाटणीच्या वेळी कात्री लागली, बेदाण्याच्या शेडवर पायात तार घुसली, ऊसतोडीत पाचट रुतले, या जखमा आपल्या भागात नित्याच्या आहेत. मधुमेही माणसात यांतूनच सेप्सिसची सुरुवात होते. अशा रुग्णाचा पाय घोट्यापर्यंत सुजला, लाली वर चढू लागली, वेदना दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फार अधिक असल्या वा त्वचा काळवंडली, तर लेप व धावन यांत वेळ न दवडता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. बागेतील मजूर फवारणी करून आला असेल तर घाम, लाळ, आकुंचित बाहुल्या पाहाव्यात. कीटकनाशकाची विषबाधाही संज्ञा व श्वास बिघडवते.

तासगावचे गणित

तासगावहून सांगली वा मिरज पंचवीस-तीस किलोमीटरच्या टप्प्यात आहे. वाहन मिळेपर्यंतचा काळ धरला, तर रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. २००६ साली उत्तर अमेरिकेतील सेप्टिक शॉकच्या २,७३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य प्रतिजैविक मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत होती. हा नोंदींवरून काढलेला आकडा आहे, सर्वत्र तंतोतंत लागू नाही. पण दिशेविषयी मतभेद नाही. मार्गदर्शिकेनुसार शॉक असल्यास वा सेप्सिसची दाट शक्यता असल्यास पहिले प्रतिजैविक एका तासात द्यावे. शॉक नसून निदान अनिश्चित असल्यास तीन तासांपर्यंत तपासणीस अवकाश आहे.

आता 'सीआरपी येऊ दे, मग ठरवू' या वाक्याची किंमत या हिशेबात घालून पाहावी. सायंकाळी प्रयोगशाळा बंद होण्याच्या वेळी नमुना गेला तर अहवाल सकाळी येतो. ती रात्र रुग्णापाशी असतेच असे नाही. लक्षणांनी सांगितले की पाठवा, तर पाठवावे. रक्त घ्यायचेच असेल तर घ्यावे, पण रुग्ण वाहनात बसलेला असावा आणि अहवाल दूरध्वनीवर मागून जावा.

२०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तेव्हा ९३७ वाहने रस्त्यावर आली. त्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे पाठवणाराही वैद्य आणि वाटेत सांभाळणाराही वैद्य, अशी स्थिती अनेकदा असते. दोघांची परिभाषा एक असल्याने निरोप नेमका जाऊ शकतो. त्यासाठी पाठवणी-चिठ्ठीत पुढील गोष्टी असाव्यात : प्रथम तपासणीची वेळ, त्या वेळची नाडी, श्वसन, रक्तदाब, तापमान, प्राणवायू, साखर, शुद्ध, बोटाच्या परीक्षेतील सेकंद, शेवटची लघवी केव्हा व किती झाली, आणि दिलेले प्रत्येक औषध वेळेसह.

'प्रत्येक औषध' यावर जोर देण्याचे कारण आहे. त्रिभुवनकीर्ती रसासारख्या ज्वरघ्न कल्पांत वत्सनाभ असतो. शुद्ध व योग्य मात्रेत तो उपयुक्तच, पण मात्रा वाढल्यास तो रक्तदाब उतरवतो आणि हृदयाची गती विस्कळीत करतो. सेप्सिसमध्येही नेमके हेच घडते. रुग्णाने चार दिवस हा कल्प घेतला आहे हे अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना ठाऊक नसेल तर हृदयाच्या आलेखाचा अर्थ चुकू शकतो. आपले औषध चिठ्ठीत लिहिण्यात संकोच नसावा. रक्तदाब उतरलेल्या, संज्ञा मंदावलेल्या रुग्णास तोंडाने कोणताही कल्प देऊ नये. गिळताना तो श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

प्रतिजैविकाची पहिली मात्रा पाठवण्यापूर्वी द्यावी काय? रुग्णालयात रक्ताचे जंतुसंवर्धन आधी व औषध नंतर हा आदर्श क्रम आहे. परंतु प्रवास लांबणार असेल आणि रक्तदाब कोसळला असेल तर स्वीकारणाऱ्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून, त्यांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा. सलाइनबाबत इतकेच, की शॉकमध्ये नॉर्मल सलाइन वा रिंगर लॅक्टेट लागते, साखरेची बाटली नव्हे. मार्गदर्शिका पहिल्या तीन तासांत शरीरभाराच्या प्रत्येक किलोमागे ३० मिलिलिटर सुचवते. साठ किलोच्या माणसास हे १,८०० मिलिलिटर होते. बाटली संपेपर्यंत रुग्णास खाटेवर थांबवून ठेवण्याची पद्धत सोडावी. सुई लावावी, बाटली सुरू करावी आणि निघावे.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधविक्रेत्याकडे रुग्ण वैद्याच्याही आधी येतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत सेफिक्झिमसारखी नेहमीची प्रतिजैविके आहेत. ती चिठ्ठीविना देता येत नाहीत, आणि विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, दोन गोळ्या प्रतिजैविकाच्या व एक डेक्सामेथासोनची, ही जोडी सेप्सिसच्या रुग्णात फसवी ठरते. ताप उतरतो, भूक लागल्यासारखे वाटते, आणि दोन दिवसांनी रुग्ण शॉकमध्ये येतो. त्या वेळी संवर्धनात जंतू सापडत नाही आणि रक्तगणनेचा अर्थ लागत नाही.

तापाच्या औषधासाठी कोणी आले तर चार प्रश्न विचारावेत. रुग्ण नेहमीसारखे बोलतो आहे का? उभा राहिल्यावर चक्कर येते का? श्वास जोरात चालतो आहे का? आणि सकाळपासून लघवी किती वेळा झाली? शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण त्याचे उत्तर सर्वांत उपयोगी असते. प्रौढाच्या मूत्राचे प्रमाण तासाला किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली गेले की वृक्कांना रक्त कमी पडत असल्याची शंका येते. घरी मोजमाप नसते, म्हणून 'सकाळपासून झालीच नाही' हे उत्तरच पुरेसे धरावे आणि गोळ्या बांधून देण्याऐवजी फळीवरूनच १०८ ला दूरध्वनी लावावा. बाळंतीण, मधुमेही, पासष्टीपुढील व्यक्ती आणि दोन महिन्यांखालील अर्भक यांच्या बाबतीत एकाही प्रश्नाचे उत्तर शंकास्पद असेल तर औषध देऊ नये. वैद्याचा पत्ता द्यावा आणि रुग्ण तेथे पोहोचला की नाही याची तासाभराने चौकशी करावी.